गोंगाटातला परका आवाज: नागपूरच्या एका नॉइज-पंक रेकॉर्डचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या तिघांचा हा बँड. एक गायिका, जी गिटारही वाजवते, एक बास वाजवणारा आणि एक ड्रमर. तिघांचीही वयं तिशीच्या आतली, तिघंही दिवसा नोकरी करतात. ओळख झाकण्यासाठी इथे कुणाचंच नाव दिलेलं नाही, बँडचं नाही आणि साच्यात दाबून रेकॉर्ड बनवणाऱ्या कारखान्याचंही नाही. ध्वनिमुद्रण आणि मास्टरिंग, म्हणजे तयार गाण्यांच्या आवाजावरचा शेवटचा हात, माझ्याकडे होतं. पुढे कारखान्याशी पत्रव्यवहारही मीच केला, आणि या प्रकरणातली सगळ्यात महागात पडलेली चूक त्याच पत्रव्यवहारात झाली.

संगीताबद्दल थोडं सांगायला हवं. गाणी दीड-दोन मिनिटांची, ठोका पंकचा, धावता. त्यावर गिटारची शिट्टी, ॲम्प्लिफायरची घरघर, फाटलेला बास. इतर बँड जे आवाज मिक्समधून काढून टाकतात, ते इथे समोर ठेवलेले असतात. सरावाची जागा हिंगणा एमआयडीसीतली पत्र्याची शेड. एप्रिलमध्ये तिथे कूलर बंद करून उभं राहता येत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही ठरवलं की कूलरलाही एक माइक लावायचा. रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना त्याचा पंखा ऐकू येतो. तो चुकून राहिलेला नाही.

शेवटचा तुकडा मात्र शेडमधला नव्हता. ड्रमर इतवारीत वाढलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतीची, म्हणजे इडा पिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. मागे बडगे म्हणजे आणखी पुतळे, पुढे ढोल-ताशे, आणि हजारो लोकांच्या तोंडी एकच आरोळी: ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ शेवटी गावाबाहेर नेऊन मारबत जाळायची. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ज्या गल्लीतून त्याने ही मिरवणूक पाहिली, त्याच गल्लीत उभं राहून ड्रमरने आदल्या वर्षी छोट्या रेकॉर्डरवर ती पकडली होती. सुरुवातीला जवळपास काहीच नाही. पावलं, कुणीतरी कुणाला हाक मारतंय, लांबवर ताशा. मग आवाज जवळ येतो, वाढत जातो, आणि साडेपाच मिनिटांनी बँड त्यात घुसतो. हा तुकडा या रेकॉर्डचा प्राण आहे, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत आलं आहे.

प्रश्न

तिघांना हे विनाइलवरच, म्हणजे सुईने वाजणाऱ्या प्लास्टिकच्या तबकडीवरच, हवं होतं. कारण भावनेचं होतं आणि हिशेबाचंही. बँडला ऐकणारे थोडे, पण जे आहेत ते रेकॉर्ड जमवणारे. त्यांना क्रमांक घातलेली, रंगीत, हातात धरता येणारी प्रत हवी असते, आणि तिच्यासाठी ते पैसे मोजतात.

अडचण माध्यमाची होती. संगणकावरच्या फाइलमध्ये कितीही गोंगाट कोंबता येतो. रेकॉर्डवर आवाज म्हणजे एक खाच असते आणि तिच्यातून एक खरीखुरी सुई चालते. १९५४ पासून रूढ असलेल्या आरआयएए वक्रानुसार, म्हणजे रेकॉर्ड कापण्याच्या ठरलेल्या मापानुसार, खाच कापताना खर्ज दाबला जातो आणि तार स्वर उचलले जातात. ऐकताना याच्या उलट होतं. टोकाच्या तार स्वरांना ही उचल सुमारे २० डेसिबल असते. साध्या गाण्यात तिथे झांजेचा एखादा झणकार असतो. आमच्या गाण्यांत तिथे अखंड फीडबॅक, म्हणजे ती गिटारची शिट्टी, होता. कापणाऱ्या यंत्राच्या डोक्यातल्या तारेच्या वेटोळ्या अशा आवाजाने तापतात, जळूही शकतात. बासही मी हौसेने डावी-उजवीकडे पसरवला होता. दोन बाजूंचा खर्ज एकमेकांच्या विरोधात गेला की खाच उथळ होते आणि सुई उडते.

म्हणजे तिघांनी जे मुद्दाम केलं होतं, तेच या माध्यमाला सोसत नव्हतं.

कोणते पर्याय होते

सगळ्यात स्वस्त पर्याय एकेक प्रत यंत्रावर कापून घेण्याचा. तीस-चाळीस प्रतींसाठी तो बरा, पण आवाज पातळ होतो, आणि या संगीतात बास गेला तर उरतं काय? तो पर्याय एका संध्याकाळीच बाद झाला. सात इंची रेकॉर्डवर एका बाजूला चार-पाच मिनिटंच बसतात. मारबतीचा तुकडा एकटाच त्याहून मोठा. उरली बारा इंची. आता वाद फक्त वेगाचा होता.

मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला सगळी अकरा गाणी, एकतीस मिनिटं, आरामात बसत होती. ४५ च्या वेगाला आवाज मोठा आणि स्वच्छ ठेवायचा तर एका बाजूला बारा मिनिटंच घ्यावीत, असं कापणाऱ्या अभियंत्याने सांगितलं. म्हणजे सात मिनिटं टाकून द्यायची.

मी ४५ च्या बाजूने होतो. रेकॉर्डच्या कडेला सुईखालून खाच वेगाने सरकते, आत जाताना तो वेग घटत जातो. बारा इंची रेकॉर्डवर ३३⅓ ला कडेला तो सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर असतो, सगळ्यात आतल्या खाचेत २१ च्या आसपास. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा मिळते, आणि तार स्वर तिथे चिखल होतात. ४५ च्या वेगाला हेच आकडे ६९ आणि २८ होतात. गोंगाटाला जागा लागते. तो गर्दीत कोंबला की त्यातला प्रत्येक आवाज दुसऱ्याला खातो.

बासवाल्याला हे पटेना. टाकायच्या गाण्यांपैकी एक त्याचं होतं. दोन आठवडे कुणी विषय काढला नाही. शेवटी आम्ही एक केलं: तेच गाणं एकदा आतल्या खाचेत जसं वाजेल तसं तार स्वर कापून, आणि एकदा कडेला वाजेल तसं, असं दोनदा त्याला ऐकवलं. त्याने स्वतःच आपलं गाणं काढलं. मला वाटतं, हा आमचा सगळ्यात चांगला निर्णय होता, कारण तो भांडून झाला नाही, ऐकून झाला.

मारबत कुठे ठेवायची

मूळ क्रमात मारबत शेवटी होती. शेवटी म्हणजे सगळ्यात आतली खाच, सगळ्यात वाईट जागा. तिथे आरोळ्या कुस्करल्या गेल्या असत्या. म्हणून तो तुकडा उचलून दुसऱ्या बाजूच्या अगदी सुरुवातीला, कडेला आणला. आवाजाच्या दृष्टीने हे बरोबर होतं. पण या निर्णयाचा दुसरा पदर आम्हाला तेव्हा दिसला नाही. तो पुढे येतो.

शेवटची जागा रिकामी झाली, तेव्हा गायिकेने बंद खाचेची कल्पना मांडली. रेकॉर्ड संपते तिथे खाच स्वतःलाच जोडायची, म्हणजे सुई उचलेपर्यंत तोच तुकडा फिरत राहतो. पॅरिसमध्ये प्येर शेफेर यांनी १९४८ च्या सुमारास अशाच बंद खाचांवर आपले प्रयोग केले होते. ४५ च्या वेगाला एक फेरी १.३३ सेकंदांची. आमची आरोळी त्याहून लांब. ‘घेऊन जा गे’ एवढंच बसत होतं, ‘मारबत’ बाहेर राहत होतं. वेग वाढवून ती कोंबता आली असती. ड्रमर म्हणाला, राहू दे. आता रेकॉर्ड संपली की ‘घेऊन जा गे, घेऊन जा गे’ असं चालू राहतं. कुणाला सांगतोय ते नाव येतच नाही. मला ते पूर्ण आरोळीपेक्षा जास्त लागतं.

परवानगीचा प्रश्न

कारखाना लेखी हमी मागतो की रेकॉर्डवरच्या सगळ्याचे हक्क तुमच्याकडे आहेत. गाणी बँडची होती. आरोळी परंपरेची, तिच्यावर कुणाची मालकी नाही. मिरवणूक भर रस्त्यातली. कागदोपत्री इथे थांबता आलं असतं.

गायिका थांबली नाही. ती म्हणाली, ज्यांचा आवाज आहे त्यांना माहीत तरी असायला हवं. ड्रमरच्या गल्लीत एक काका राहतात, सत्तरी ओलांडलेले, पन्नासेक वर्षं मारबतीच्या कामात. आम्ही त्यांच्याकडे गेलो. फोनवर तुकडा ऐकवला. काकांनी शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, “मंग तुमचं गाणं कधी सुरू होते?” आम्ही सांगितलं की ते साडेपाच मिनिटांनी सुरू होतं. काका म्हणाले, “बरं हाय. आधी मारबतीले जाऊ द्या.”

त्यांनी एक अट घातली. एका ठिकाणी एका बाईचा आवाज माइकच्या अगदी जवळ होता, मुलाचं नाव घेऊन ती हाक मारत होती. “ते नाव काढा. लेकराचं नाव कायले पाहिजे त्याच्यात?” आम्ही ते काढलं. आणि रेकॉर्ड आली की आधी त्यांना ऐकवू, असा शब्द दिला. शिष्टाचार म्हणून दिलेला हा शब्द पुढे आम्हाला वाचवून गेला.

टेस्ट प्रेसिंग आणि ती एक ओळ

कापणारा अभियंता अशा संगीताचा सराव असलेला हवा होता, तो युरोपात मिळाला. तो ज्या कारखान्याला काम देतो तिथेच २५० प्रती दाबायचं ठरलं. १८० ग्रॅम वजनाच्या, पारदर्शक रेकॉर्डवर संत्र्याच्या रंगाचे शिंतोडे, हाताने घातलेले क्रमांक. छपाई, वाहतूक, सीमाशुल्क धरून खर्च साडेतीन लाखांच्या घरात गेला. तिघांची सगळी बचत.

मी बासचा खर्ज १५० हर्ट्झखाली मध्यभागी आणला, तार स्वर थोडे आवरले, आवाजाची पातळी उतरवली. तरी कारखान्याच्या तपासनिसांनी काम दोनदा थांबवलं. एकदा लिहिलं, फाइलमध्ये विकृती आहे, तपासा. दुसऱ्यांदा लिहिलं, दुसऱ्या बाजूला सतत घरघर ऐकू येते. ती घरघर म्हणजे आमचा कूलर. प्रत्येक थांब्यात रांगेतला आमचा नंबर मागे जायचा आणि आठवडे जायचे. गायिकेने मला विचारलं, “भाऊ, एकदाच सगळं लिहून टाकता येत नाही का?”

मी लिहून टाकलं. त्या ओळीचा मराठीतला अर्थ असा: ‘या रेकॉर्डमधली विकृती, कडकड, फाटका आवाज, शिट्टी, घरघर हे सगळं हेतुपुरस्सर आहे. कृपया त्यावर आक्षेप नोंदवू नये.’

टेस्ट प्रेसिंगच्या, म्हणजे मंजुरीसाठी आधी दाबलेल्या नमुन्याच्या, पाच प्रती आल्या. आधी बासवाला निराश झाला. म्हणाला, जीव गेला. मी फाइल आणि रेकॉर्ड एकाच पातळीवर आणून परत ऐकवलं. आवाज कमी होता, पण जीव गेलेला नव्हता. व्हॉल्यूमचं बटण फिरवल्यावर दोन्हींत फार फरक उरला नाही. मधलं भोक केंद्रातून सरकलंय का, हे पाहायला पहिल्या बाजूवरचा अकरा सेकंदांचा अखंड फीडबॅक कामी आला. भोक सरकलेलं असतं तर त्या स्वरात दर १.३३ सेकंदाला हेलकावा आला असता. स्वर सरळ होता. पाचही प्रती दोन वेगवेगळ्या टर्नटेबलवर आणि एका स्वस्तातल्या सूटकेस प्लेअरवर वाजवल्या. सुई कुठे उडाली नाही. आम्ही मंजुरी दिली.

त्या वेळी मंजुरी देणं बरोबरच होतं. टेस्ट प्रेसिंगमध्ये दोष नव्हता.

बिघाड

मार्चच्या शेवटी खोकी आली. पहिल्याच आठवड्यात धरमपेठेतल्या एका छोट्या कार्यक्रमात ३१ प्रती विकल्या गेल्या. आम्ही सगळ्यांनी रेकॉर्ड ऐकली, मीही ऐकली. कुणालाच काही खटकलं नाही. विकत घेतलेल्यांपैकी एकाने तर दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीची स्तुती केली. ते कागद फाडल्यासारखं तुम्ही जे ठेवलंय ते जबरदस्त आहे, असं त्याने कळवलं. ड्रमरला वाटलं ते मी ठेवलंय. मला वाटलं ते मिरवणुकीत होतं, आधी कधी लक्ष गेलं नसेल.

मग शब्द दिल्याप्रमाणे आम्ही सूटकेस प्लेअर घेऊन काकांच्या ओसरीवर गेलो. दुसरी बाजू लावली. काका डोळे मिटून बसले होते. पाऊण मिनिटाच्या आत त्यांनी हात वर केला.

“थांबव पोरा. मारबत अजून दूर हाय ना?”

“हो काका.”

“ताशा तिकडून ऐकू येऊन राहिला. मंग हे कपडा फाटल्यावानी कायचं वाजून राहिलं? मारबतीत असा आवाज नसते.”

आम्ही परत लावलं. फर्र. थोड्या वेळाने पुन्हा फर्र. मी उठून अंगणातल्या उन्हात रेकॉर्ड तिरकी धरली. कडेला राखाडी-पांढऱ्या बारीक रेघा दिसल्या. तिथे खाचेत विनाइल पूर्ण उतरलेलंच नव्हतं. कारखान्यातले लोक याला नॉन-फिल म्हणतात. दाबताना गरम पीव्हीसी, म्हणजे विनाइलचं प्लास्टिक, साच्याच्या तळापर्यंत पोचलं नाही की हे होतं. जाड रेकॉर्डमध्ये आणि रंगीत मिश्रणात याचा धोका वाढतो, आणि तो बऱ्याचदा कडेच्या भागात दिसतो. आम्ही १८० ग्रॅमची जाडी निवडली होती, शिंतोडे निवडले होते, आणि संपूर्ण रेकॉर्डमधला एकमेव शांत भाग कडेला आणून ठेवला होता.

ध्वनिमुद्रण करणारा मी, ज्याने तो आवाज रस्त्यात टिपला तो ड्रमर, कारखान्याचे तपासनीस, सगळ्यांच्या कानांवरून तो फर्र गेला. आमच्यासाठी तो गोंगाटातला आणखी एक गोंगाट होता. काकांसाठी मारबत म्हणजे गोंगाट नव्हताच. कोण कुठून येतंय, ताशा किती लांब आहे, आता काय ऐकू यायला हवं आणि काय नको, हे त्यांना पन्नास वर्षांच्या सवयीने ठाऊक होतं. मी आयुष्यभर आवाजाचं काम केलं आहे, आणि ऐकण्याबद्दल इतकं मला त्या ओसरीइतकं कुठेच कळलं नाही.

काय करायचं, यावरचा वाद

त्याच रात्री शेडमध्ये चौघं बसलो.

बासवाल्याचं म्हणणं होतं, गप्प बसावं. त्याची बाजू मी नीट मांडतो, कारण ती लबाडीची नव्हती. पैसे संपले होते. त्याने घरून उसने घेतले होते. तो म्हणाला, आपल्या रेकॉर्डमध्ये एक फर्र जास्त असेल तर कुणाचं काय गेलं? एकाने तर तारीफ केली. नॉइजमध्ये अपघातालाही जागा असते, हेच तर आपण सांगत आलो.

गायिकेने त्याला उत्तर दिलं. अपघात आपण ऐकून ठेवला तर तो आपला. हा आपण ऐकलाच नाही. आणि काकांना काय सांगायचं?

तिसरा मार्ग खराब प्रती ‘दोष असलेल्या’ म्हणून स्वस्तात विकण्याचा. तो मला सुरुवातीला पटला होता. पण जमवणाऱ्यांच्या बाजारात अशी प्रत दोन हात फिरली की दोषाची चिठ्ठी गळून पडते आणि क्रमांक तेवढा उरतो. शेवटी ठरलं ते असं: आधी मोजायचं, मग कारखान्याकडे मागायचं, आणि विकलेल्या ३१ जणांना उत्तर येण्याआधीच कळवायचं. शेवटच्या मुद्द्यावर बासवाला रात्री दीड वाजता राजी झाला.

मोजणी आणि पुरावा

तीन संध्याकाळी आम्ही प्रत्येक प्रतीच्या दुसऱ्या बाजूची पहिली दीड मिनिटं ऐकली. एक जण ऐकणार, एक जण दिव्याखाली तिरकी धरून बघणार, एक जण लिहिणार. कानाने पकडलेला दोष आणि डोळ्याने पकडलेला दोष वेगवेगळ्या रकान्यांत. रेघा दिसतात पण ऐकू येत नाही, अशाही प्रती निघाल्या. त्या चांगल्यांत धरल्या. ३१ खरेदीदारांपैकी ९ जणांच्या प्रती खराब निघाल्या. सगळ्या मिळून ७४.

मग मी दहा खराब प्रतींचा तो भाग ध्वनिमुद्रित केला आणि मूळ फाइलच्या शेजारी ठेवला. हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ताशा, पावलं, हाका दहाही प्रतींत तंतोतंत एका जागी होत्या. फर्र मात्र प्रत्येक प्रतीत वेगळ्या जागी. दोष साच्यात असता तर तो सगळीकडे एकाच जागी आला असता. म्हणजे साचा ठीक होता, दाबणं बिघडलं होतं. नव्याने कापण्याचा खर्च नव्हता, फक्त परत दाबायचं होतं. ही एक गोष्ट सिद्ध करता आली नसती तर पुढचं बोलणं झालंच नसतं.

कारखान्याशी बोलणं

पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं. त्यांनी माझीच ओळ मला परत पाठवली: कडकड, फाटका आवाज, हेतुपुरस्सर, आक्षेप नोंदवू नये. ते वाचताना मला जे वाटलं ते लिहिण्यात अर्थ नाही, पण त्यांचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या तपासनिसाने कदाचित तो फर्र ऐकलाही असेल. आम्हीच त्याला कान बंद करायला सांगितलं होतं.

दुसऱ्या पत्रात मी ओळीवर वाद घातला नाही. एवढंच लिहिलं, की ती ओळ फाइलमधल्या आणि मंजूर केलेल्या टेस्ट प्रेसिंगमधल्या आवाजांबद्दल आहे. हा आवाज दोन्हींत नाही. सोबत दहा ध्वनिमुद्रणं, उन्हात काढलेले फोटो, ७४ क्रमांकांची यादी. बारा दिवसांनी त्यांनी ७४ प्रती बदलून द्यायचं मान्य केलं. वाहतूक आमची. आणि त्यांचा सल्ला होता की या प्रती काळ्या, १४० ग्रॅमच्या घ्याव्यात, त्या नीट भरतात.

इथे पुन्हा निर्णय. संत्र्याच्या शिंतोड्यांची २५० प्रतींची आवृत्ती, आणि त्यातल्या ७४ काळ्या? जमवणाऱ्यांना ते खटकणार हे माहीत होतं. पण त्याच जाडीत, त्याच रंगात परत दाबणं म्हणजे तोच धोका परत विकत घेणं. तिघांनी काळ्या घेतल्या. क्रमांक आणि कव्हर तेच ठेवले, आणि कव्हरच्या आत कारण लिहिलेला कागद घातला.

मे महिना

नव्या प्रती मेमध्ये आल्या, आणि आमच्या मनात नव्हती अशी एक अडचण उभी राहिली. नागपूरचा मे. सावलीतला पारा ४५ च्या वर, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. विनाइल साठ अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. घाईघाईने चंद्रपूरला पाठवलेली एक प्रत ताटलीसारखी वाकून परत आली. त्यानंतर सगळ्या ऑर्डर पहिला पाऊस पडेपर्यंत थांबवल्या, ग्राहकांना तसं कळवलं, आणि खोकी शेडमधून उचलून गायिकेच्या घरी तळमजल्यावरच्या खोलीत उभी लावली. आडवी रचली असती तर खालच्या प्रती वजनानेच गेल्या असत्या. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपून पाऊस येईपर्यंत एकही पार्सल बाहेर पडलं नाही.

परिणाम

९ खराब प्रतींपैकी ७ बदलून दिल्या. दोघांनी बदलायला नकार दिला. त्यांना शिंतोड्यांची प्रत हवी होती, फर्रसकट. आम्ही आग्रह केला नाही, फक्त कागद पाठवला. रेकॉर्ड पोळ्याच्या सुमारास संपली. खर्च निघाला, वर थोडंच उरलं, ते बासवाल्याच्या उसनवारीत गेलं.

खराब प्रतींचं काय करायचं, यावर ड्रमरची सूचना होती की त्या मारबतीबरोबर जाळाव्यात. इडा पिडा घेऊन जा. कल्पना सुंदर होती. पण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, आणि तिथे लहान मुलं उभी असतात. आम्ही प्रत्येक प्रतीला ड्रिलने आरपार भोकं पाडली आणि भंगारवाल्याला दिल्या.

काकांना क्रमांक १ ची प्रत दिली. त्यांच्याकडे प्लेअर नाही. ती देवघराच्या वरच्या फळीवर आहे.

पुन्हा करायचं तर

जाडी आणि रंग यांचा निर्णय दिसण्यावरून न घेता दुसऱ्या बाजूची सुरुवात कशी आहे ते पाहून घेतला असता. शांत भाग कडेला असेल तर काळी, १४० ग्रॅमची रेकॉर्ड. किंवा मारबतीच्या आधी एक दणदणीत गाणं ठेवलं असतं, म्हणजे कडेचा धोक्याचा पट्टा त्याच्या वाट्याला आला असता. दाबून आलेल्या प्रतींतल्या वीस तरी प्रती विक्रीआधी ऐकल्या असत्या. आम्ही त्या फक्त उघडून पाहिल्या. माल मार्च ते जूनमध्ये नागपुरात पोचणार नाही अशी तारीख धरली असती. आणि काकांना टेस्ट प्रेसिंगच्या वेळीच बोलावलं असतं. त्याने हा दोष टळला नसता, पण आमचे कान आधी तयार झाले असते.

सगळ्यात आधी मात्र ती ओळ बदलली असती. बँडची पुढची रेकॉर्ड आता तयार होते आहे. कारखान्याला जायच्या कागदावर या वेळी एकही सरसकट वाक्य नाही. प्रत्येक गाण्याचा प्रत्येक विचित्र आवाज वेळेसकट लिहिला आहे. तो कागद तिघांनी आणि मी मिळून चार रात्री बसून केला. त्यातली एक नोंद अशी आहे:

‘ब बाजू, ०:०० ते १:१०. कूलरचा पंखा, सलग. ०:२२ ला खुर्ची सरकते. ०:४७ ला ड्रमर खोकतो. याखेरीज काहीही ऐकू आलं तर काम थांबवावं आणि आम्हाला कळवावं. आम्ही वाट पाहू.’